मध्यम आकाराच्या तलावावर शिडाच्या छोट्या बोटींचा क्लब काढायचा आहे, सुरुवात कशी करावी?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे हे उत्तर लिहायला बसलो. "आम्ही दहाबारा जण आहोत, ज्याला जी बोट मिळेल ती त्याने आणायची असं ठरलंय, पुढे काय काय लागेल?" पुढचं नंतर बघू हो. ते "ज्याला जी मिळेल ती" आहे ना, ते आधी खोडा. आमच्या क्लबची पहिली मीटिंग याच ठरावावर संपली होती आणि विरोधात हात वर करणारा मी एकटाच होतो.

झालं असं की अध्यक्षांकडे स्वतःची मिरर (दोघांची छोटी प्लायवुडची बोट) होती, त्यामुळे त्यांना कुठलीही बोट चालणार होती, फक्त ती मिरर असायला हवी. दोघांनी जुन्या लेझर (एकट्याने चालवायच्या बोटी) आणल्या, मुलांसाठी ऑप्टिमिस्ट आल्या, एकाने वेफेअरर नावाची मोठी बोट आणली जी पाण्यात ढकलायला चार माणसं लागायची, आणि एक बोट अशी होती की तिची जात शेवटपर्यंत कोणालाच कळली नाही. किनाऱ्यावर उभी केली की फार छान दिसायचं, फोटो भरपूर निघाले.

मग शर्यती सुरू झाल्या. वेगवेगळ्या बोटी एकत्र पळवायच्या तर हँडिकॅप लावावा लागतो, पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणतात ती पद्धत तुम्ही ऐकली असेलच. प्रत्येक जातीच्या बोटीला एक आकडा, लागलेला वेळ गुणिले हजार भागिले तो आकडा. लेझरचा आकडा 1100 च्या आसपास, मिररचा 1390 च्या आसपास. म्हणजे लेझरने 44 मिनिटं घेतली तर हिशोबात 40 धरायची, आणि मिरर 55 मिनिटं 36 सेकंदांच्या आत आली की ती जिंकली. कागदावर एकदम न्याय्य आहे, मोठ्या पाण्यावर एकसारखा वारा असेल तर चालतंही. पण लहान तलावावर त्या मधल्या अकरा मिनिटांत वारा काय वाट्टेल ते करतो, आणि अख्खा खेळ त्या अकरा मिनिटांवर ठरतो.

एका रविवारी घड्याळ माझ्याकडे होतं. सुरुवातीपासून वारा जवळजवळ नाहीच, लेझरवाली मुलगी (कॉलेजातली, आमच्यात सगळ्यात चांगली बोट चालवणारी, यात वाद नाही) प्रत्येक झुळूक शोधत शोधत कशीबशी पहिली आली. ती रेषा ओलांडते न ओलांडते तोच पलीकडच्या काठावरून वारा उतरला आणि अध्यक्षांची मिरर, जी तोपर्यंत मागे कुठेतरी डुलत होती, सरळ लाल शीड फुगवून घरी आली. हिशोबात पहिली. पोरगी काही बोलली नाही. मीच म्हटलं की साहेब, दोघांनी एकाच वाऱ्यात शर्यत केलेलीच नाही, तर उत्तर आलं, "गणित म्हणजे गणित." ठीक आहे. पुढच्या शर्यतीत बरोबर उलटं झालं, लेझर वाऱ्यात घरी पोचली, मग वारा मेला, आणि मिरर शेवटच्या बोयाशी (वळायच्या तरंगत्या खुणेशी) ताटकळत राहिली. आता गणित म्हणजे गणित राहिलं नाही! आता "आपल्या तलावासाठी मिररचा आकडा वाढवला पाहिजे" असा अर्ज आला, त्यावर कमिटी बसली, कमिटीत कोण तर अध्यक्ष आणि त्यांचे दोन मित्र.

त्यानंतर आमचे रविवार पाण्यावर कमी आणि कागदावर जास्त जायला लागले. ती मुलगी दुसऱ्या क्लबात गेली, तिच्या पाठोपाठ तिला बघून शिकणारी पोरंही गेली. मला आजही कोणी सांगतं की क्लब सभासद नसल्यामुळे थंडावला. सभासद होते, त्यांना घालवलं गेलं.

आता यात शर्यतीपेक्षा मोठा मुद्दा शिकण्याचा आहे, जो मी त्या मीटिंगमध्ये सांगत होतो आणि कोणी ऐकला नाही. दोन बोटी सारख्या असतील आणि शेजारची पुढे जात असेल तर कारण बोटीत नाही, माणसात आहे. तिने शीट (शीड ओढायची दोरी) थोडी सैल सोडलीय का, बूम (शिडाखालची आडवी काठी) कुठे आहे, ती पुढे सरकून बसलीय का, टॅक (वाऱ्याकडे जाताना नाक वळवून शीड दुसऱ्या बाजूला घेणं) कधी घेतला, हे बघून नवशिका स्वतःच शिकतो, कोच नसला तरी. बोटी वेगळ्या असल्या की "त्याची बोटच फास्ट आहे" म्हणून विषय संपतो. वर्गात प्रत्येकाच्या हातात वेगळं पुस्तक दिल्यावर मास्तर काय शिकवणार? शिवाय एकीचं सुकाणू तुटलं तर दुसरीचं लावता येतं, एक जास्तीचं शीड सगळ्यांना पुरतं. आमच्याकडे एक पिन हरवली की ती बोट महिनाभर आडवी.

तर कोणती घ्यायची? मोठ्यांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी लेझर, हल्ली तिला इल्का म्हणतात. ब्रूस कर्बीचं डिझाइन, 1970 च्या सुमाराचं, आणि जगभर इतकी विकली गेलीय की जुनी बोट आणि सुटे भाग मिळतात. खरी गंमत म्हणजे हल (बोटीचं मूळ अंग) एकच, पण शिडं तीन: 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटर. हलका माणूस लहान शीड लावतो, जड माणूस मोठं. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट, 1947 साली क्लार्क मिल्सने प्लायवुडमधून पोरांसाठी बनवलेली, लांबी साधारण 2.3 मीटर, वजन 35 किलो, एक मोठा माणूस ओढून नेतो. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जात आहे ती. या दोन जाती, बास. सहा सारख्या जुन्या बोटी घ्या, दोन नव्या चकचकीत घेऊ नका.

जुनी घेताना (आणि दान मिळत असेल तर दुप्पट सावध राहून) वजन करा. लेझरचा हल 59 किलोच्या आसपास हवा, दहाबारा किलो जास्त भरला तर आत पाणी मुरलंय. डोलकाठी बसते त्या खाचेत पाणी भरून थोडा वेळ बघत बसा, पातळी उतरली तर तिथे गळतंय आणि एखाद्या जोरदार वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून बाहेर येईल. डेकवर पाय देऊन दाबा, मऊ लागला की नको म्हणा. देणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

रेस्क्यू बोट नसेल तर क्लब सुरूच करू नका. वल्ह्याची होडी चालणार नाही, वाऱ्याविरुद्ध ती पोचत नाही, मोटर हवी, कडा कमी उंचीच्या हव्यात म्हणजे माणूस वर ओढून घेता येतो. चालवणाऱ्याच्या अंगाला किलकॉर्ड (तो पडला की इंजिन बंद करणारी दोरी) बांधलेलीच पाहिजे, आणि पाण्यातल्या माणसाजवळ गेल्यावर इंजिन बंद. आधी डोकी मोजायची, बोट नंतर. आमच्याकडे हँडिकॅपचा वाद सुरू असताना रेस्क्यूचा ड्रायव्हर पण किनाऱ्यावर वादात उभा असायचा, आणि पाण्यावर मुलं. हे मी मीटिंगच्या इतिवृत्तात लिहा म्हटलं तर लिहिलं नाही.

तलाव फार मोठा नाही म्हणून नाराज होऊ नका. 400 मीटर वाऱ्याविरुद्ध जायचं तर लेझरला साधारण पाचेक मिनिटं लागतात, म्हणजे टॅक भरपूर होतात आणि शिकायला तेच हवं. फक्त झाडांच्या आड वारा मरतो, झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी त्याचा त्रास जाणवतो, म्हणून बोया काठापासून लांब टाका. बोया म्हणजे काय, प्लास्टिकचा कॅन, दोर आणि वजन, पाण्याची पातळी वरखाली होते म्हणून दोर लांब ठेवा. पाणी उथळ असेल तर उलटलेल्या बोटीची डोलकाठी चिखलात रुतते आणि ओढताना वाकते, नवशिक्यांच्या डोलकाठीच्या टोकाला रिकामी बंद बाटली बांधली की बोट पूर्ण पालथी होत नाही. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाने मुद्दाम बोट उलटवून सेंटरबोर्डवर (तळातून खाली जाणाऱ्या फळीवर) उभं राहून सरळ करायची, ज्याला हे जमत नाही त्याला एकटं सोडायचं नाही. लाटांवर पांढरा फेस सगळीकडे दिसायला लागला की नवशिके बाहेर. लाईफजॅकेटबद्दल काही लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणार.

परवानगीचं म्हणाल तर, तलाव ज्याच्या मालकीचा आहे त्याच्याकडून लेखी घ्या, तोंडी नको, आणि त्यात मोटर चालवण्याचा उल्लेख वेगळा करून घ्या. पिण्याच्या पाण्याचा तलाव असेल तर पेट्रोलच्या इंजिनाला बऱ्याचदा नकार मिळतो, मग इलेक्ट्रिक मोटर बघावी लागेल. क्लबहाऊस वगैरे पाच वर्षांनी. सावलीला एक शेड आणि कुलुपाची एक पेटी पुरते.

आता थोडं न्यायाने बोलायचं तर हँडिकॅपवर वर्षानुवर्षं आनंदाने चालणारे क्लब आहेत, तिथे माणसं समजूतदार असतील, आणि निकालाचा कागद शर्यतीत नसलेला माणूस करत असेल. तुमच्याकडे तसा माणूस असेल तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या. तसंच, ज्यांना एकट्याने जायची भीती वाटते किंवा पोराला बरोबर घेऊन जायचंय त्यांना लेझर कामाची नाही, दोघांची बोट एखादी लागेलच. त्यासाठी मिरर खरंच चांगली आहे, प्लायवुडची, घरी जोडता येते, 3.3 मीटर, स्थिर. हे मी अध्यक्षांना कधीच नाकारलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की ती शिकवायला वापरा, कप जिंकायला नको.

आणि एक राहिलं, हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. तलावाच्या काठावरून किंवा बोटी ठेवायच्या जागेवरून विजेच्या तारा जातात का ते आजच जाऊन बघा. लेझरची डोलकाठी उभी केल्यावर सहा मीटरच्या आसपास जाते आणि ती सहसा ॲल्युमिनियमची असते. तारा असतील तर शिडं चढवायची जागा दुसरीकडे करा, नुसता बोर्ड लावून भागवू नका.