वॅक्स लावल्यावर काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा का दिसतात? पुन्हा लावण्याआधी काय करू?

वॅक्सला दोष देऊ नका. दोन वर्षांची काळी गाडी रविवारी घरीच धुतलीत, वॅक्स लावलंत आणि सोमवारी उन्हात बोनेटवर गोल गोल जाळं दिसलं, असं तुम्ही लिहिलंय. ते जाळं आधीपासूनच होतं. धुळीखाली दडलं होतं, चकाकी आल्यावर उघडं पडलं.

माझंही असंच झालं होतं. मी इंदूरला सुदामानगरात राहतो, गाडी रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी असते. पहिली गाडी घेतली तेव्हा आईच्या जुन्या लुगड्याचा फडका रोज सकाळी कोरडाच फिरवायचो. इतकं मऊ सुती, त्यानं काय होणार? फडका मऊ होता हो, धूळ नव्हती. रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही बारीक असतो. धुळीतली वाळू त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. स्वच्छतेत इंदूर २०१७ ते २०२३ सलग पहिलं आलं खरं, पण जिथे तिथे रस्ते खोदलेले आणि पुलांची कामं चाललेली, त्यामुळे गाडीवर संध्याकाळपर्यंत थर बसतोच.

म्हणून पहिला नियम: कोरड्या गाडीला हात लावायचा नाही. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, गुलाल बसला असेल तरी नाही. आधी पाणी.

पाण्याचंही सांगतो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून वर चढवून आणतात; ते पाइप लावून गाडीवर सोडायला मला जमत नाही. बागेत फवारणीला वापरतात तो हातपंप घ्या. त्यात गाडीच्या शाम्पूचं पाणी भरून सगळ्या गाडीवर फवारा, चार-पाच मिनिटं मुरू द्या (वाळू देऊ नका) आणि साध्या पाण्यानं उतरवा. निम्मी धूळ हात न लावताच जाते. हे सगळं सकाळी, सावलीत, बोनेट गार असताना. मी सहाला सुरू करतो, पोह्यांच्या वेळेपर्यंत निदान धुणं उरकतं.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे धुवायचा हातमोजा, शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच परत शाम्पूत. शेवटी दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ बघा. एकच बादली असती तर तोच पुन्हा बोनेटवर गेला असता. छतापासून खाली यायचं, दारांचा खालचा भाग अगदी शेवटी, चाकांना वेगळं फडकं. हात सरळ रेषेत चालवा, गोल नको. भांड्यांचा साबण काही जण जुनं वॅक्स उतरवायला मुद्दाम वापरतात. मी नाही वापरत, पुढे त्याचा उपाय आहे.

पुसताना मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्या, रगडू नका. बोअरिंगचं पाणी असेल तर लगेच टिपा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. राहिलेच तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत वरून घालायला मिळतं ते, ॲसिड नव्हे) निम्मंनिम्म करून पुसा आणि धुऊन टाका.

आता खरी परीक्षा. ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत हात घाला आणि धुतलेल्या बोनेटवरून हलकेच बोटं फिरवा. रव्यावरून हात फिरवल्यासारखं वाटेल. ते डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण. शाम्पूनं ते निघत नाहीत, आणि त्यांच्यावर वॅक्स लावलं तर आत कोंडले जातात. डांबराला टार रिमूव्हर. लोखंडाला आयर्न रिमूव्हर: फवारल्यावर जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. घाबरू नका, म्हणजे काम चाललंय. फक्त वाळायच्या आत धुवा. उरलेल्याला क्ले बार. चिकणमातीसारखी वडी असते, भरपूर ल्युब्रिकंट (वडी घसरती ठेवणारं द्रव) फवारून न दाबता सरकवायची, मळ दिसला की घडी घालून नवी बाजू घ्यायची. जमिनीवर पडली तर फेकून द्या. मी एकदा पैसे वाचवायला उचलून वापरली आणि डिकीवर नवी नक्षी काढून बसलो.

पण क्लेनं तुमचं जाळं जाणार नाही. ते फक्त पॉलिशनं जातं, आणि पॉलिश म्हणजे क्लिअर कोट किंचित खरवडणं, त्यामुळे दर वेळी करायची गोष्ट नव्हे. हातानं बारीक पॉलिश लावलंत तर जाळं फिकं होईल. पूर्ण घालवायचं तर मशीन लागतं. दुकानात देणार असाल तर रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का, ते आधी विचारा. मी न विचारता एका ठिकाणी दिली होती. गाडी आरशासारखी मिळाली आणि तीन वेळा धुतल्यावर सगळ्या रेषा परत! तेल आणि भरावानं ओरखडे बुजवून दिले होते.

हाच तेलकटपणा वॅक्सला धरू देत नाही. म्हणून वॅक्सच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिस्टिल्ड पाण्यात १० ते १५ टक्के, फवारून स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसून घ्या. जुनं वॅक्सही यानं थोडंफार उतरतं. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, वॅक्सचे पांढरे डाग तिथून निघता निघत नाहीत. मग वॅक्स, अगदी पातळ.

आणि सकाळी गाडी पुसायला कोणी येत असेल तर त्याला आजच सांगा, फक्त काचा आणि चाकं. मी आमच्याकडच्याला उत्साहानं मिट आणि दोन बादल्या दिल्या होत्या. आठवड्यानं बघतो तर एक बादली आमच्याकडे, दुसरी शेजारच्यांच्या गाडीपाशी.