पक्षाघातानंतर फिजिओथेरपी खरंच लागते का, की गोळ्यांनी हात सुटेल? वडिलांना महिना झालाय, आम्ही सोलापूरला असतो.

लागतेच, आणि आजपासून सुरू करा. गोळ्या पुन्हा झटका येऊ नये म्हणून असतात. हात त्यांनी हलत नाही. मेंदूचा जो भाग शाबूत आहे, तो तेच काम पुन्हापुन्हा करूनच शिकतो. पहिल्या 3 महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, नंतरही होत राहते, पण हळू.

माझे काका सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर कामाला होते. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला. थेरपिस्टबाईंनी घरातलाच टॉवेल टेबलावर पसरला, त्यावर त्यांचा हात ठेवला आणि पुढे-मागे सरकवायला लावलं, दिवसातून चार वेळा. दीड महिन्याने त्यांनी त्याच टॉवेलची घडी घातली. वाकडी होती, पण काकू रडली.

एक मात्र सांभाळा: उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. घास भरवताना सरळ बसवा. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. रोज नेणं जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा न्या, व्यायाम नीट शिकून घ्या आणि बाकीचे दिवस घरी करून घ्या. आणि बटणं त्यांची त्यांना लावू द्या, वेळ लागला तरी.