आकाशात दिव्यांची माळ

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. परवा सातच्या सुमाराला गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले तर वीसेक दिव्यांची माळच सरकत होती, आवाज काही नाही, आणि अर्ध्यातच एकेक दिवा विझला. सासूबाई अजून घाबरल्यात.

उत्तर: ताई, सासूबाईंना सांगा घाबरू नका, ते बहुतेक स्टारलिंकचे, म्हणजे आकाशातून इंटरनेट पुरवणाऱ्या सेवेचे सॅटेलाइट, एका रॉकेटमधून ढीगभर सोडतात, मे २०१९ मध्ये तर एकदम ६०, आणि पहिले काही दिवस रांगेत दिसतात मग पांगतात. त्यांना स्वतःचा दिवा नसतो हो, खाली अंधार पडला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं तेच चमकतं, पृथ्वीच्या सावलीत शिरले की एकेक दिसेनासा होतो. उत्तरायणातले तुक्कल, म्हणजे संक्रांतीला उडवतात ते कागदी कंदील, वेगळे, ते पिवळट, वाऱ्याबरोबर जाणारे. पुन्हा दिसलं तर वेळ-दिशा नक्की लिहून ठेवा.