मतं वाढूनही इंडोनेशियातल्या बुलान बिंतांग पक्षाच्या जागा का घटल्या, आणि पुढे तो संसदेतून बाहेर कसा गेला?

तुम्ही विचारलंय, १३ खासदारांचा हा इस्लामी पक्ष दहा वर्षांत शून्यावर कसा आला. 'लोक धर्माच्या राजकारणाला कंटाळले' हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. आधी जागावाटपाचं गणित बघा.

मे १९९८ मध्ये हुकूमशहा सुहार्तो पायउतार झाले आणि जुलैत पक्ष निघाला. नेते घटनातज्ज्ञ युसरिल इहझा महेंद्र. दावा मशुमीच्या वारशाचा. मशुमी म्हणजे १९५५ मध्ये सुमारे २१ टक्के मतं आणि ५७ जागा मिळवलेला इस्लामी पक्ष; १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंनी तो बंद पाडला. पण वारसदार अनेक निघाले. मुहम्मदिया या मोठ्या मुस्लिम संघटनेची बरीच माणसं अमीन रईस यांच्या नव्या पक्षाकडे गेली, शिवाय मशुमीचं नाव लावणारे आणखी दोन पक्ष रिंगणात होतेच. १९९९ मध्ये हाती लागली १.९४ टक्के मतं, १३ जागा.

२००४ मध्ये मतं २.६२ टक्के झाली, जागा मात्र ११! १९९९ मध्ये अख्खा प्रांत एक मतदारसंघ होता. पश्चिम जावात ८२ जागा, म्हणजे साधारण सव्वा टक्का मतांना एक जागा. २००४ ला प्रांत तोडून ३ ते १२ जागांचे मतदारसंघ केले. पाच जागा असतील तर एका जागेचा कोटा २० टक्क्यांचा, आणि उरलेली जागा सर्वात मोठ्या शिल्लक मतांना. विखुरलेल्या तीन-चार टक्क्यांना तिथे कोण विचारतो? २००९ मध्ये देशभरात किमान २.५ टक्के मतांची अट आली. पक्षाला १.७९ टक्के, म्हणून शून्य.

तरी सगळा दोष नियमांवर ढकलता येत नाही. न्याय पक्ष या दुसऱ्या इस्लामी पक्षाला १९९९ मध्ये यांच्याहून कमी, १.३६ टक्के मतं होती. पुढची निवडणूक लढवण्यासाठीची दोन टक्के जागांची अट चुकल्याने त्यांना नव्या नावाने पुन्हा उभं राहावं लागलं. त्यांनी भ्रष्टाचारविरोध आणि स्वच्छ कारभार पुढे केला, आणि २००४ मध्ये ७.३४ टक्के मतं, ४५ जागा मिळवल्या. बुलान बिंतांग मात्र ऑगस्ट २००२ पर्यंत घटनेच्या धर्मविषयक कलम २९ मध्ये शरियतचा उल्लेख घालण्यात गुंतला होता. नहदतुल उलमा आणि मुहम्मदिया, दोन्ही मोठ्या मुस्लिम संघटनांच्या नेत्यांचाच त्याला विरोध होता.

पुढे निवडणूक आयोगाने बुलान बिंतांगला दोनदा अपात्र ठरवलं. २०१३ मध्ये न्यायालयाने आणि २०१८ मध्ये निवडणूक देखरेख मंडळाने परत आत घेतलं. मतं मात्र २०१४ मध्ये १.४६, २०१९ मध्ये ०.७९ आणि २०२४ मध्ये ०.३२ टक्के. आता सगळी भिस्त आघाडीवर: २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पक्ष विजयी उमेदवार प्रबोवोंच्या बाजूला होता आणि त्यानंतर युसरिल मंत्रिमंडळात आले.