वाचकांचे प्रश्न : नव्याने बांधलेले इंजिन कसे चालवावे?

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचे इंजिन नुकतेच पूर्ण खोलून बांधून घेतले. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या आहेत. पहिले हजार किलोमीटर ताशी ४० च्या वर जाऊ नका, असे मेकॅनिकने बजावले आहे. माझे मेहुणे मात्र पहिल्या दिवसापासून इंजिनावर थोडा जोर पडू द्या, असे म्हणतात. कोणाचे ऐकावे? आणि आता सिंथेटिक ऑइल घातले तर चालेल का?

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे म्हणणे मला अधिक पटते, पण काही अटींवर. गाडी हजार किलोमीटर हळू चालवण्याचा सल्ला काळजीपोटीच दिला जातो. तरीही नेमके ज्या कामासाठी ही काळजी घ्यायची, तेच काम त्याने अर्धवट राहण्याची भीती असते.

ते काम म्हणजे रिंगा बसणे, अर्थात पिस्टनभोवतीची धातूची कडी सिलिंडरच्या भिंतीला घट्ट मिळून येणे. बोअर केल्यानंतर सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून, म्हणजे ती बारीक दगडांनी घासून, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. या रेघा तेल धरून ठेवतात, आणि त्यांचे सूक्ष्म उंचवटे सुरुवातीच्या काळात कानशीसारखे काम करून रिंगेची कड भिंतीच्या आकाराला मिळवून घेतात. रिंगेला भिंतीवर दाबण्याचे काम तिचा स्वतःचा ताण फार थोडे करतो. खरा दाब येतो तो ज्वलनाच्या वायूंचा, कारण हे वायू रिंगेच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेर ढकलतात. इंजिनावर भार नसेल तर हा दाब पुरेसा येत नाही, रिंग तेलाच्या थरावरून नुसती सरकत राहते, आणि दरम्यान उंचवटे गुळगुळीत होऊन भिंतीवर जळक्या तेलाचा चकचकीत लेप बसतो. तो एकदा बसला की रिंगा पुढे कितीही चालवून नीट बसत नाहीत. इंजिन तेल खात राहते आणि पुन्हा खोलून होनिंग करण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणून नवे इंजिन उभ्या गाडीत तासन्‌तास आयडलवर चालू ठेवणे, ही मी सर्वांत घातक सवय मानतो. इंजिन सुरू होण्याआधीच तेल सगळीकडे पोहोचलेले हवे. त्यासाठी स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि इंधनपुरवठा बंद ठेवून, तेलाचा दाब दिसेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारावा. कूलंटमधली हवाही पूर्ण काढून टाकावी, कारण हवा अडकून राहिली तर नवे हेड गॅस्केट पहिल्याच दिवशी जाऊ शकते. इंजिन सुरू झाल्यावर गळती, तेलाचा दाब आणि तापमान एवढे पाहून घ्यावे व लगेच रस्त्यावर निघावे. जुन्या रचनेच्या ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) सपाट टॅपेटवर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणाऱ्या भागावर) घासत फिरतो, तेथे मात्र नवा कॅम बसवला असल्यास आधी २० ते ३० मिनिटे इंजिन २००० ते २५०० आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनाचे फेरे) दरम्यान चालवावे लागते, कारण आयडलवर कॅमला उडून येणारे तेल कमी पडते.

रस्त्यावर इंजिन पूर्ण तापू द्यावे. मग रहदारी नसलेल्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे २००० आरपीएमपासून ३५०० पर्यंत, अॅक्सिलरेटर अर्ध्याहून थोडा अधिक दाबून, गाडीचा वेग वाढवावा; नंतर पाय पूर्ण काढून, गिअर तसाच ठेवून, गाडी आपसूक मंदावू द्यावी. वेग वाढताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात; मंदावताना सिलिंडरमध्ये निर्माण होणारी पोकळी तेल वर ओढते आणि घासून निघालेले बारीक कण त्याबरोबर सुटे होतात. ही क्रिया दहा-पंधरा वेळा करावी, मधे इंजिनाला थोडी उसंत द्यावी. पुढील काही शे किलोमीटर एकाच वेगाने लांबचा पल्ला मारणे, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर इंजिन रेटणे, मागे ट्रेलर ओढणे आणि रेड लाइनजवळ (आरपीएमच्या कमाल मर्यादेजवळ) जाणे टाळावे. मेकॅनिकच्या सल्ल्यातला संयम येथे उपयोगी पडतो.

तेलाबाबत : सुरुवातीला योग्य ग्रेडचे साधे मिनरल ऑइल घालावे. पहिले तेल आणि फिल्टर ५० ते १०० किलोमीटरच्या आत बदलावेत, कारण होनिंगची उरलेली खरखरीत पूड आणि धातूचे कण याच काळात सर्वाधिक निघतात. त्यानंतर सुमारे ८०० किलोमीटरवर पुन्हा बदलावे. सिंथेटिक ऑइलची घाई करू नये. तेलाचा खप स्थिर झाल्यावर खुशाल घालावे. काही कंपन्या नव्या इंजिनातही सिंथेटिकच भरून देतात हे खरे, पण कारखान्यातले होनिंग फार नेमके असते, आणि तेवढा नेमकेपणा सर्वच वर्कशॉपमध्ये मिळत नाही. इंजिन बांधणाऱ्याने किंवा रिंगांच्या उत्पादकाने वेगळी लेखी सूचना दिली असेल, तर तीच पाळावी.

पहिले तेल काढाल तेव्हा ते उजेडात पाहा. त्यात राखाडी चकाकी दिसली तर घाबरू नये. पण नखाला जाणवतील असे तुकडे किंवा तांबूस चमक आढळली, तर बेअरिंग झिजत असल्याची शक्यता धरून गाडी चालवणे तेथेच थांबवावे आणि इंजिन बांधणाऱ्याला ते तेल व कापून उघडलेला फिल्टर दाखवावा. दीड-दोन हजार किलोमीटरनंतरही सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घ्यावे. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकल्यावर आकडा बराच वाढला, तर रिंगा बसलेल्या नाहीत असे समजावे. तो तेवढाच राहिला, तर व्हॉल्व्ह तपासावेत.