कोकणात रात्री इतका काळोख, मग मोठी दुर्बीण इथे का नाही?

काळोख आहे, पण हवा आडवी येते. किनाऱ्यावर ताऱ्याचा प्रकाश अख्ख्या वातावरणातून गाळून येतो, त्यात हा दमटपणा. आमच्या दापोलीत खिडकीचे गज गंजून जातात, तिथे दुर्बिणीच्या आरशावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर खाऱ्या वाऱ्यात काय टिकणार! पावसाळ्याचं तर विचारूच नका. म्हणून २ मीटर आरशाची दुर्बीण लडाखात हानलेला, ४,५०० मीटर उंचीवर, कोरड्या हवेत आहे. रेडिओ लहरींची गोष्ट वेगळी, लांब लहरींना ढग फारसे अडवत नाहीत. म्हणून नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत.

हौसेसाठी मात्र कोकण झकास. दिवाळीच्या अमावास्येला शर्मिष्ठा तारकासमूहाजवळ पुसट डाग शोधा. ती देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा समूह, २५ लाख प्रकाशवर्षांवरची. नुसत्या डोळ्यांनी दिसते.