‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं पाकीट लो-फॉडमॅप आहारात बिनधास्त घ्यावं का?

नाही, पाकीट उलटून घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. ग्लुटेन हे प्रथिन, तर फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि काहींना गॅस, पोटदुखी देणारी काही ठरावीक कर्बोदकं; लो-फॉडमॅप आहारात ती कमी करतात. त्यामुळे एक नाही म्हणून दुसरंही नसेल असं नाही. गहू काढला की त्यातली बरीच फ्रुक्टन्स (फॉडमॅपचाच एक प्रकार) जातात हे खरं, पण त्याच बिस्किटात मध, सफरचंदाचा रस किंवा ‘एक्स्ट्रा फायबर’च्या नावाखाली इन्युलिन (हेही एक फ्रुक्टनच) असू शकतं. यादीत हे दिसलं तर पाकीट परत ठेवा:

- कांदा किंवा लसूण पावडर, अगदी शेवटी लिहिलेली असली तरी
- इन्युलिन, चिकोरी रूट
- सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल (शुगर-फ्री च्युइंगममध्ये हमखास)

लसणाची चव हवीच असेल तर लसूण मुरवून गाळलेलं तेल चालतं, कारण फ्रुक्टन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही. हा आहार मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी विकसित केला. कुठला पदार्थ किती खाल्लेला चालतो हे त्यांच्या अ‍ॅपमध्ये दिलंय, खरेदीला जाताना ते हाताशी ठेवा. मात्र सीलिअ‍ॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) तपासणी अजून झाली नसेल तर आधी ती करा. गहू आधीच बंद केला तर रिपोर्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो.